डबल कार्बोरेटर राहू दे, आधी हेड उतरवा

फियाटला डबल कार्बोरेटर बसवून द्याल का, असा फोन अधूनमधून येतोच. करणारा बहुतेक वेळा तिशीतला, गाडी आजोबांची, रंगकाम आणि सीट कव्हरं होऊन गेलेली, आणि घाटात मागून सहा सीटरनं हॉर्न दिल्याचा राग ताजा. मी विचारते, हेड (सिलिंडरांवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) शेवटचं कधी उतरवलं होतं? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "ताई, इंजिन एकदम ओके आहे. फक्त पिकप नाही."

आमचं दुकान कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. बोअरिंग, होनिंग, हेड फेसिंग, सीट कटिंग, सगळं इंजिनाच्या भागांचं मशीनवरचं काम. पोट भरतं ते ट्रॅक्टर आणि जीपच्या हेडांवर. फियाट ही हौस. आप्पांची १९८६ ची पद्मिनी आता माझ्याकडे आहे, दह्याच्या रंगाची, स्टीअरिंगवर गिअर असलेली. आप्पांचं म्हणणं होतं की या गाडीला फार पळवू नये. माझं म्हणणं, पळवू नये हे ठीक, पण चढावर रडूही नये. तेव्हा या इंजिनातून अजून काय निघतं, कुठून निघतं आणि कुठून निघत नाही, ते एकदा सविस्तर लिहून टाकते. पुढच्या फोनला लिंक पाठवायला बरं.

आधी इंजिन कुठलं ते. चार सिलिंडर एका रांगेत, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, एकूण १०८९ सीसी. कागदावर ४८०० आरपीएमला ४० च्या आसपास हॉर्सपॉवर. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह वर, कॅमशाफ्ट खाली, मध्ये पुशरॉड. क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे इंजिन पद्मिनीचं म्हणून आपण ओळखतो, पण त्याचं मूळ १९३७ च्या फियाट ५०८ सी मध्ये आहे. दान्ते जाकोझा या इटालियन इंजिनिअरची ती गाडी. तेव्हापासून बोअर-स्ट्रोक तोच. डुक्कर फियाट, डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी असं करत कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीत ते पार विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बनत राहिलं. मुंबईची काळी-पिवळी त्यावरच चालली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वय भरलं म्हणून रस्त्यावरून उतरली.

टॅक्सीचं इंजिन म्हणून आपण त्याला गरीब समजतो. इटलीत त्याचं वेगळंच चाललं होतं. अल्फा रोमिओ सोडल्यावर एन्झो फेरारीला करारामुळे काही वर्षं स्वतःच्या नावानं गाडी काढता येत नव्हती. तेव्हा त्यानं १९४० च्या मिल्ले मिल्या या इटलीतल्या शर्यतीला '८१५' नावाच्या दोन गाड्या उतरवल्या. आठ सिलिंडर, एका रांगेत, दीड लिटर. ब्लॉक नवा ओतून घेतला होता, पण वर हेड होती ती फियाट ११०० ची, दोन, एकापुढे एक. एक गाडी तरुण अल्बेर्तो अस्कारीच्या हातात होती. दोन्ही बंद पडल्या, ती गोष्ट वेगळी. म्हणजे फेरारीनं स्वतःची म्हणून काढलेल्या पहिल्या गाडीच्या डोक्यावर आपल्या पद्मिनीच्या आज्यांची टोपडी होती. दुकानात कोणी फियाटला नावं ठेवली की मी हे ऐकवते.

युद्धानंतर चिसितालिया डी-४६ आली. तीही जाकोझाच्याच हातची, छोटी एकसीटर रेसची गाडी, त्यात हेच ११०० इंजिन, साठच्या वर हॉर्सपॉवर काढलेलं. १९४६ साली तूरिनच्या शर्यतीत ताझियो नुव्होलारीच्या हातात स्टीअरिंग व्हील निखळून आलं आणि तो ते एका हातात धरून गाडी चालवत राहिला, ती ही गाडी. पुढे १९५८ ला फॉर्म्युला ज्युनियर ही छोट्या रेसगाड्यांची स्पर्धा सुरू झाली तेव्हा स्तांग्वेलिनीच्या गाड्यांत पुन्हा हेच इंजिन, आणि तोवर ते ऐंशीच्या पुढं गेलेलं. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट वर्षानुवर्षं पळाल्या.

आता गंमत बघा. खुद्द फियाटनं १९५३ साली ११००-१०३ काढली, ३६ हॉर्सपॉवरची. त्याच वर्षी तिचीच टीव्ही नावाची चपळ आवृत्ती आली, ५० हॉर्सपॉवरची. सीसी तेवढेच. त्या टीव्हीचे फोटो बघणाऱ्याला काय दिसतं? वेबरचा दोन नळ्यांचा कार्बोरेटर. न दिसणारी गोष्ट अशी की तिचं कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, वाढवलेलं होतं. कार्बोरेटर बाहेर असतो म्हणून त्याचं कौतुक होतं. हेड टॅपेट कव्हरखाली झाकलेलं असतं, त्याला कोण विचारतो.

पण कॉम्प्रेशनकडे जायच्या आधी एक काम, आणि यात कोणाला रस नसतो. कंपनीनं दिलेले चाळीस घोडे सध्या हजर आहेत का ते मोजणं. माझ्याकडे येणाऱ्या फियाटींपैकी बहुतेकींचे सगळे हजर नसतात.

मदतनीसाला आत बसवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि बोनेट उघडून कार्बोरेटरमधली थ्रॉटलची चकती बघा. पूर्ण उभी होते का? चाळीस वर्षांत लिंकेजचे सांधे झिजलेले असतात, पेडलखाली कोणीतरी जाड मॅट घातलेली असते, आणि गाडी आयुष्यभर पाऊण थ्रॉटलवर धावत असते. हा इलाज फुकटचा आहे. मग गाडी सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये ढकलून बघा. एका माणसाला सहज ढकलता आली पाहिजे. नाही आली तर ब्रेक शू ड्रमला घासतायत, आणि तुम्ही ते घासणं ओढायला इंजिन मोठं करायला निघालाय.

नंतर डेल्को, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर. त्याच्या पोटात दोन वजनं असतात, वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि स्पार्क आधी पडतो. त्यांना गंज चढून ती जाम होतात. गाडी आयडलला छान, स्टार्टिंग छान, आणि वर गेली की मेलेली. टायमिंग लाइट लावून इंजिन रेस केलं की पुलीवरची खूण सरकताना दिसली पाहिजे. जागची हलत नसेल तर सापडला चोर. डेल्कोच्या शाफ्टचा बुश झिजलेला असेल तर पॉइंटचा गॅप दर फेरीला वेगळा पडतो. त्यावर इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट हा चांगला उतारा आहे. त्यानं ताकद वाढत नाही, हरवलेली परत येते. टायमिंग चेन लांबली असेल तर कॅम उशिरा चालतो. सायलेन्सर आतून सडून चोंदलेला असेल तर तोही घोडे खातो.

शेवटी कॉम्प्रेशन गेज. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चांगली. चार आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा सिलिंडर कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह धरत नाही. इथवर आल्यावर हेड उतरवायला कारण मिळतं, आणि मग खरं काम.

पद्मिनीचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं आहे, कारण त्या काळचं आपलं पेट्रोल तसंच होतं. माझ्या गाडीचं मोजून ७.३ आलं. मोजायचं कसं? हेड उलटं, लेव्हलमध्ये ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर. चेंबरच्या, म्हणजे हेडातल्या जळणाच्या खळग्याच्या, कडेला ग्रीस लावून वर अॅक्रिलिकची पट्टी, पट्टीला बारीक भोक, आणि ब्युरेटनं, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीनं, पातळ ऑइल सोडायचं. ब्युरेट कुठल्याही प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळते. किती सीसी मावलं ते लिहून घ्यायचं. चारही चेंबर. इथे पहिला धक्का बसतो: एकाच हेडाच्या चार चेंबरांत दोन-दोन सीसीचा फरक असतो. चार सिलिंडर चार तऱ्हेनं काम करत असतात आणि आपण आयडल थरथरतो म्हणून कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतो.

हिशेब असा. एका सिलिंडरचे सीसी २७२. कॉम्प्रेशन ७.३ म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा ४३ सीसी. ८.५ करायचं तर ती ३६ वर आणायची, म्हणजे सात सीसी कमी. यात गॅस्केटची जाडीही मोजावी लागते. दाबली गेल्यावर दीड मिलिमीटर राहत असेल तर तिचेच पाच-साडेपाच सीसी होतात. चेंबरच्या तोंडाचा ठसा ग्राफ पेपरवर घेऊन चौकोन मोजा. समजा ३५ चौरस सेंटिमीटर आले, तर हेडाचा खालचा पृष्ठभाग मशीनवर एक मिलिमीटर उडवला, म्हणजे तेवढं फेसिंग केलं, की साडेतीन सीसी जातात. म्हणजे सातला दोन मिलिमीटर. आता थांबा. चाळीस वर्षं जुन्या हेडाचं फेसिंग याआधी कितीदा झालंय ते तुम्हाला माहीत नाही. दर ओव्हरहॉलला मिस्त्रीनं "हलकासा हात" मारलेला असतो. काही हेडं आमच्याकडे येतानाच आठ-सव्वाआठला पोचलेली असतात, मालकाला पत्ता नसतो. म्हणून ब्युरेट आधी, मशीन नंतर. "दोन मिलिमीटर उडवा ताई, गावात सगळे तेवढंच उडवतात" असं सांगणाऱ्याचं हेड मी परत पाठवते. आमच्या दुकानातले मामा, जे आप्पांच्या वेळेपासून आहेत, ते म्हणतात मी गिऱ्हाईक घालवते. घालवू दे.

हेड खाली आलं की रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि पुशरॉडचं गणितही बदलतं. रॉकरच्या स्टँडखाली तेवढ्या जाडीची पट्टी घाला, नाहीतर टॅपेटचा स्क्रू बाहेरच बाहेर काढत नेऊन रॉकर वाकडा चालतो आणि व्हॉल्व्हचं गाइड एका बाजूला खातो.

साडेआठला आजचं पेट्रोल चालतं का? आरामात. उलट आता पंपावर जे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं त्याच्या बाबतीत जुन्या गाड्यांचे मालक नुसती रडारड करतात, आणि ती निम्मी खरी आहे. रबरी नळ्या, पंपाचा पडदा, फ्लोटच्या सुईचं टोक हे सगळं इथेनॉलला टिकणारं घातलंच पाहिजे, नाहीतर पेट्रोल इंजिनावर टपकेल. पण इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची ताकद, पेट्रोलपेक्षा बराच वरचा, म्हणजे खटखट न होता कॉम्प्रेशन वाढवायची सोय सरकारनंच करून दिलीय. सोयीची किंमत जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरात पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकात, द्यायची. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटवर गाडी उपाशी चालते. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटचे आकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतात. १२५ च्या जागी १३० घातला की भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं, आणि नेमकं तेवढंच हवं असतं. जेट विकत घ्या. सुईनं कोरू नका.

हेड उघडंच आहे तर व्हॉल्व्ह. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिसं व्हॉल्व्हच्या सीटला उशीसारखं जपायचं, ते गेल्यावर जुन्या सीटा हळूहळू खाली बसतात. एक्झॉस्टच्या सीटा तरी कडक धातूच्या बसवून घ्या. आणि कटिंग तीन कोनांत: मधला ४५ अंशांचा, दीड मिलिमीटर रुंद, जिथे व्हॉल्व्ह बसतो, वर ३० आणि खाली ६०. एकाच कोनात कापलेल्या रुंद सीटवरून हवा अडखळत जाते. माझ्या मते पोर्ट आरशासारखे घासून चमकवण्यापेक्षा या तीन कोनांनी जास्त मिळतं. पोर्टमध्ये करायचं एवढंच, की गॅस्केट, मॅनिफोल्ड आणि हेडाचं भोक एकमेकांसमोर येतंय का बघायचं. तिथे अनेकदा दोन मिलिमीटरची पायरी असते, ती घासून टाकायची. बाकी ओतकामाचा खडबडीतपणा राहू दे.

बोअर वाढवण्याबद्दल नेहमी विचारतात. इटलीत फियाटनं ७२ मिलिमीटरचा बोअर करून १२२१ सीसीचं इंजिन काढलं होतं. तिकडची ११०० डी त्यावरच चालायची. कुर्ल्यात आपण ६८ वरच राहिलो. म्हणून लोकांना वाटतं आपलाही ब्लॉक ७२ घेईल. भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिकनं मोजल्याशिवाय मी असल्या ब्लॉकला हात लावत नाही. एक मिलिमीटर ओव्हरसाइझ केलं, म्हणजे ६९, तर ११२२ सीसी होतात. तीन टक्के. रिबोअर करायची वेळ आलीच असेल तर ते आपोआप मिळतं. मुद्दाम त्यासाठी ब्लॉक खोलू नये.

कॅम. नको. गरम कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या कॅमशाफ्टचा, फायदा वरच्या आरपीएमला, आणि तिथे तीन बेअरिंगांचा क्रँक आडवा येतो. ४८०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर असतो, ६००० ला १५. जुन्या क्रँकला आणि बोल्टांना तिथे रोज नेऊ नये. रेसवाल्यांची इंजिनं शर्यतीपुरती जगायची, आपल्याला पंढरपूरला जाऊन यायचं असतं.

प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसानचं इंजिन टाकणारेही खूप, ११७१ सीसी, ५२ हॉर्सपॉवर. चांगलं इंजिन आहे, पण आरसी बुकावर इंजिन नंबर बदलावा लागतो; मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, ती आधी घ्यावी. शिवाय मग ती गाडी ऐकायला पद्मिनी राहत नाही. हे माझं वैयक्तिक.

फरक पडला का ते कसं कळणार? ताकद मोजायचं मशीन, डायनो, आपल्याकडे कुठलं. मी फोंडा घाट वापरते. फोंड्याकडून दाजीपूरला चढताना एक सरळसा तुकडा आहे, तिथे भल्या पहाटे, टाकी तेवढीच भरून, तेच दोघं बसून, तिसऱ्या गिअरला थ्रॉटल पूर्ण. आधी गाडी ३८ ला येऊन टेकायची. हेडाच्या कामानंतर ४८ धरते. आता शाळेतलं गणित: माणसांसकट वजन १०५० किलो, चढ पंधराला एक. गुरुत्वाकर्षण मागे ओढतं ते सुमारे ६९० न्यूटन. वेग ताशी दहानं वाढला म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. गुणाकार १९०० वॅट, अडीच हॉर्सपॉवर, आणि टायर-हवेचा विरोध धरला तर तीनच्या जवळ. तेही चाकावर, आणि वरच्या नव्हे तर मधल्या आरपीएमला, जिथे गाडी खरी चालते. वाहनं असतील तर हा प्रयोग करू नका, आणि उतरताना लक्षात ठेवा की पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेकच आहेत. त्यांना नव्या हेडाची बातमी नसते. शू आणि सिलिंडर आधी नवे करा, पाहिजे तर ते इंजिनच्या बजेटमधून कापा.

आणि तो डबल कार्बोरेटर, वेबर? या सगळ्यानंतर अजून हवा असेल तर जरूर बसवा, दोन नळ्यांचा. त्या वेळी त्याला पुढे द्यायला काहीतरी असेल. आधीच बसवला तर गाडी पेट्रोल पिईल, खालच्या आरपीएमला गचके देईल, आणि तुम्ही पुन्हा मलाच फोन कराल.

हेड घेऊन येणार असाल तर दोन गोष्टी. जुनं गॅस्केट फेकू नका, सोबत आणा; कुठून फुंकत होतं ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. आणि चेंबर, व्हॉल्व्ह, प्लग घरी पेट्रोलनं घासून चकचकीत करून आणू नका. कुठल्या सिलिंडरला काळा थर होता, कुठल्याला पांढरा, ते मला बघायचं असतं. प्लग नंबर घालून आणा. सोमवारी उद्यमनगर बंद असतं.